दीड तास न हललेला शनी

तेल आहे ते. नाही हो, बोटाचं नाही — तिळाचं. वास घेतलात ना? मग झालं तर. मी पुसलं होतं, लगेच पुसलं, पण हाताला काय लागलं तर इरावतीचा लंगोट — म्हणजे आता नाही ती लंगोटातली, सहा वर्षांची आहे, पहिलीत जाते, पण तिचे ते मऊ मलमलचे लंगोट मी ठेवून दिलेत, टाकवत नाहीत — तर त्याने पुसलं आणि काय झालं, आधी एक थेंब होता तो काचभर झाला. आता ह्यातून काहीही बघा, सगळं भज्यांच्या गाडीवरच्या बल्बसारखं दिसतं. हसताय ना? हसा. मी पण दुसऱ्या कुणाचं असतं तर हसले असते. मराठी चालेल ना तुम्हाला, जयंतीभाई? नाव खाली पाटीवर वाचलं. नाही, हिंदी येते मला, पण हिंदीत मला फक्त भाव करता येतो, काय झालं ते धड सांगता येत नाही.

तर मला एक आयपीस हवाय. ग्रह बघायला. उद्या संध्याकाळी सातला हवाय, म्हणजे आत्ताच हवाय, आणि पाचला इरावतीची स्कूल बस येते, त्याच्या आत मला घाटकोपरहून मुलुंडला पोचायचंय. उद्या आमच्या गच्चीवर एकोणीस माणसं शनी बघायला येणार आहेत — परत एकदा — आणि माझ्याकडे शनी बघायचं भिंग हे असं, तळणीतून काढल्यासारखं. खरं तर एकोणीस माणसांचं सोडा. मला एकाच माणसाला दाखवायचाय, साडेतीन फुटाच्या. तिला एकदा नीट, खराखुरा शनी दिसला पाहिजे, बस्स. का ते विचारू नका. म्हणजे विचारा, पण त्याचा आयपीसशी काही संबंध नाही. मला ह्यातलं काही कळत नाही हे मी आधीच सांगून टाकते, कारण दुकानात गेलं की मला सगळं कळतंय असा माझा चेहरा होतो आणि मग लोक मला काहीही देतात. पंखा घ्यायला गेले होते तेव्हा असंच झालं. जाऊ दे.

दुर्बीण ना? ही बघा, फोनमध्ये फोटो आहे. लांब नळी, तळाशी आरसा, वरच्या टोकाला बाजूने डोळा लावायचा. हो, तीच, शहात्तर एमएमची, सगळे तीच घेतात ना? का घेतली म्हणजे — चष्म्यामुळे. इरावतीला नाही लागलाय अजून, लागेल ह्या भीतीने. मी एक लेख वाचला, रात्री नाही वाचत मी असले लेख, दुपारी वाचते, म्हणजे संध्याकाळपर्यंत घाबरायला वेळ मिळतो — तर त्यात होतं की मुलांनी रोज थोडा वेळ लांबचं बघावं. आता तुम्ही सांगा, मुलुंडला लांबचं काय आहे? समोर बिल्डिंग आहे. तिच्या मागे तिचीच बी विंग आहे. इरावतीला मी खिडकीत उभं करून म्हटलं, लांब बघ, तर ती म्हणाली, त्या काकांनी आपली चड्डी वाळत घातलीये. मग माझ्या डोक्यात आलं, शनी! शनीहून लांबचं काय मिळणार? नवऱ्याने विचारलं — सुयोग त्याचं नाव, तो तसा चांगला आहे, पण विचारतो — की आधी बागेत नेऊन बघितलंस का. मी म्हटलं बागेत डास आहेत.

तर खोक्यात तीन आयपीस निघाले. वीस, साडेबारा आणि हा चार. आणि एक ती मधली नळी, तिप्पट करणारी — हां, बार्लो. आणि खोक्यावर हा एवढा शनी, रंगीत, जेवणाच्या ताटाएवढा, आणि खाली लिहिलेलं पाचशे पंचवीस पट. मला आधी वाटलं वीसचा सगळ्यात मोठं दाखवणार. वीस मोठा ना चारपेक्षा? मग वाचलं की उलटं असतं, आकडा जितका लहान तितकं मोठं दिसतं. सातशे भागिले चार, गुणिले तीन — आला की आकडा, पाचशे पंचवीस. मी म्हटलं झालं, गणित जमलं, आता आकाश काय. मान हलवू नका हो. काय म्हणालात? प्रकाश वाढत नाही? आरसा जेवढा गोळा करतो तेवढाच… अच्छा. अच्छा, म्हणजे वरणासारखं. डाळ वाटीभरच आहे, आणि पाहुणे येतायत म्हणून आपण पाणी ओततोय, ओततोय — पातेलं भरतं पण वरण राहत नाही. मग त्या खोक्यावर पाचशे पंचवीस कशाला लिहितात? आणि ह्या दुर्बिणीला किती झेपतं? दीडशे? ते पण हवा चांगली असेल तर? म्हणजे मी त्या दिवशी एकोणीस जणांना नुसतं पाणी वाढलं.

पण दिसलं हो! तेच तर सांगतेय. दिसलं सगळ्यांना. थांबा, नीट सांगते. मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, शनिवारी सायंकाळी सातला गच्चीवर शनीची कडी पाहण्याची संधी, लहान मुलांसाठी. इतकंच. सासूबाईंनी तो मेसेज त्यांच्या भजनाच्या ग्रुपवर पाठवला, आणि पाठवताना थोडासा सुधारला. 'पाहण्याची संधी' होतं तिथे 'दर्शन' केलं, आणि 'लहान मुलांसाठी' काढून टाकलं. बाकी मजकूर माझाच. तर सात वाजता लहान मुलं आली दोन, त्यातली एक माझी. बाकीचे सगळे अंघोळ करून आले होते. डिसेंबरात, संध्याकाळी, डोक्यावरून! गच्चीच्या दाराशी चपलांचा ढीग. बायकांची रांग वेगळी, पुरुषांची वेगळी. दुसऱ्या मजल्यावरच्या प्रेमाताई म्हणाल्या, शनीच्या नजरेला नजर देऊ नये, आणि त्यांनी गॉगल लावून बघितलं. गॉगल लावून! आणि दिसलं त्यांना! मी विचारलं, दिसतंय का, तर म्हणाल्या, अगं स्पष्ट. कुणीतरी स्टँडच्या तिन्ही पायांना रुईच्या पानांची माळ घातली. खाली पुडीत काळे उडीद ठेवले. मी काय करायला हवं होतं? म्हणायला हवं होतं ना, की अहो, हे शास्त्र आहे? बी.एस्सी. आहे मी, जयंतीभाई. बॉटनी आहे, मान्य, आणि बाजारात मी अजून शेपू समजून बडीशेपेची जुडी उचलते, पण सायन्सच ना ते? मी काय केलं, तर मी पण चपला काढल्या.

कसा दिसला? हां, सांगते. मधे काळं गोल. अगदी काळं. आणि भोवती उजळ कडं, जाडसर, गोल, बांगडीसारखं. मला जरा वाटलं होतं की फोटोत शनी पिवळा असतो, हा काळा कसा — पण तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, शनी काळाच असतो. आणि असतोच ना? आमच्या गल्लीतल्या देवळातला काळाच आहे. कुठल्याही देवळातला काळाच आहे. इतक्या लोकांनी इतकी वर्षं काळा केला, त्यांना काय वेड लागलं होतं? मला वाटलं फोटोवाल्यांनी रंगवला असेल. सगळ्यात पुढे आमचे चेअरमन, दत्तारामकाका — मालवणकडचे, गिरणीत होते पूर्वी, आता सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचे मालक असल्यासारखे वागतात. त्यांची कुंभ रास, साडेसाती चालू, आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तो पण पिकलेला. दोन वर्षं डॉक्टरांना सांगतायत, साडेसाती उतरल्याशिवाय डोळ्याक हात लावूक देवचंय नाय. त्यांना जिन्याची पायरी दिसत नाही, धरून वर आणावं लागलं. त्यांनी डोळा लावला आणि ओरडलेच — दिसलो गो बाय, दिसलो! काळोकुट्ट आसा, भोवती कडा आसा! आणि रडले. खरंच रडले हो. मग मी काय बोलणार? मोतीबिंदूवाल्याला दिसला, गॉगलवालीला दिसला, मला पण दिसला. आणि शेवटी सासूबाई आल्या, पदराखालून वाटी काढली, म्हणाल्या शनिवारी शनीपुढे कोरड्या हाताने कसं जायचं — मी 'आई, नको' म्हणेपर्यंत धार लागली होती. बरोब्बर ह्याच्यावर. आयपीस वर तोंड करून होता ना. नंतर मी म्हटलं, आई, तेल तिथे का घातलंत? तर म्हणाल्या, जिथे डोळा लावायचा तिथेच देव ना? ह्याला उत्तर आहे का तुमच्याकडे?

काय? हलला का? कोण, शनी? छे! तेच तर मी सगळ्यांना कौतुकाने सांगत होते. दीड तास, एकोणीस माणसं, कुणी धक्का मारला, कुणी नळीला मिठी मारली, पण मी एकदा लावून दिला तो लावून दिला, शनी जागचा हलला नाही. मला वाटलं माझा हात बसला. असं का बघताय तुम्ही? मला माहितीये हो पृथ्वी फिरते. पृथ्वी फिरते हे मला माहितीये, मी शाळेत गेलेय — तर? तर तो सरकायला हवा होता? किती वेळात? अर्ध्या मिनिटात बाहेर जायला हवा होता?

मग तो का नाही गेला?

थांबा, एक मिनिट. बसू का मी इथे? जयंतीभाई, हल्ली संध्याकाळी सातला शनी असतो कुठे? वर? एवढा वर? तुम्ही तर छताकडे बोट दाखवताय. दक्षिणेला, डोक्याच्या जरासा खाली? मी आडवी लावली होती हो. जवळजवळ आडवी. पूर्वेला. तिकडे एकच काय ते ठसठशीत चमकत होतं, म्हणून मी — तिकडे तो टॉवर होतोय. पंचेचाळीस मजली. त्याच्यावर ती क्रेन आहे. क्रेनच्या टोकाला दिवा आहे.

पण मग ते मधलं काळं काय होतं? कडं काय होतं? — फोकस नसला की कुठलाही दिवा असाच दिसतो? आणि मधलं काळं म्हणजे नळीतल्या त्या छोट्या आरशाची सावली? म्हणजे… म्हणजे आम्ही एकोणीस जणांनी अंघोळ करून, चपला काढून, बिल्डरच्या क्रेनला उडीद वाहिले. रुईची माळ घातली. सासूबाईंनी तेल घातलं. पाणी द्या हो जरा. नको, चहा नको, बरं, चहा द्या. वाट लागली माझी. नाही, तुम्हाला कळत नाहीये किती लागली ती. दत्तारामकाकांनी दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना फोन केला. देवाने स्वतः दर्शन दिलं, म्हणजे साडेसाती सरली! उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, झकास झालं, आता त्यांना गेटवरून वॉचमनने दाढी केलीये की नाही ते दिसतं. आणि उद्या ते नव्या डोळ्याने शनी बघायला येणार आहेत! त्यांनीच ग्रुपवर टाकलंय, उद्या पुन्हा दर्शन. मधले दोन शनिवार मी सांगितलं हवा खराब आहे, खोटं पण नव्हतं ते, मुंबईची हवा कधी चांगली असते? पण उद्याला काही सांगता येत नाही. मोतीबिंदूतून शनी दिसला होता त्यांना, आता मोतीबिंदू काढून क्रेन दिसेल. आणि क्रेन ते ओळखतात. त्या बिल्डरशी त्यांचं रोज भांडण असतं धुळीवरून.

बरं. बरं, ठीक आहे. शांत व्हायचं. मी उद्या खरा शनी लावते. वर, दक्षिणेला, डोक्याच्या जरासा खाली. लक्षात ठेवलं. तुम्ही मला चांगला आयपीस द्या आणि सगळ्यांना खरी कडी दिसतील, आणि ती खोट्या कड्यापेक्षा इतकी सुंदर असतील की मागचं सगळे विसरतील. हो ना? हो म्हणा ना. पुन्हा मान हलवताय. काय झालं आता? कडी नाहीत? कडी कुठे गेली?

आडवी झालीत. म्हणजे आपल्याला कडेने दिसतात. कडेने म्हणजे — हा तुम्ही रुपया धरलाय तसा, चपटा नाही, धारेकडून. म्हणजे रेघ. नुसती रेघ. लाडवातून आरपार काडी घातली तर कशी दिसेल, तेवढंच? आणि ते पण ह्याच वर्षी? पंधरा वर्षांतून एकदा होतं? पंधरा वर्षांतून एकदा कडी मिटतात, आणि त्याच वर्षी मी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं. आमच्या घरात नेहमी असंच होतं, आम्ही ज्या दिवशी फरसबी आणतो त्या दिवशी ती स्वस्त असते, कारण आतून किडलेली असते. म्हणजे क्रेनचा शनी खऱ्या शनीपेक्षा देखणा होता. मी एकोणीस माणसांना देखणा दाखवून बसलेय, आणि आता खरा दाखवायचाय, काडी घातलेला लाडू. दत्तारामकाका म्हणतील, देव बारीक झालो गो.

बरं, दाखवा, काय काय आहे. हे तीन? हा दहाचा. हा माझ्यासारखाच चारचा. आणि हा — हा केवढा मोठा आहे हो, ह्याची काच बघा, हिंगाच्या डबीच्या झाकणाएवढी, आणि भोवती मऊ रबर. सहाचा? सातशे भागिले सहा, एकशे… सोळा. एकशे सोळा पट. म्हणजे दीडशेच्या आत. वरण राहील. दहाचा घेतला तर सत्तर पट, मग शनी एकदम ज्वारीच्या दाण्याएवढा, नको. आणि हा चारचा, ह्याचं भोक बघा, सुईच्या नेढ्याएवढं, त्याला डोळा चिकटवायला लागतो अगदी, पापण्या घासतात काचेला. मला माहितीये घासतात. बसेल ना सहाचा माझ्या नळीत? सव्वा इंचीच आहे तोंड, मी शिंप्याच्या टेपने मोजून आणलंय, तीनदा, तिन्ही वेळा वेगळं आलं पण सव्वाच्या आसपास. ह्यात पापण्या नाही ना येत मधे? डोळा थोडा लांब ठेवला तरी दिसतं? लहान मुलांना पण? नाही, पापण्यांचं एवढं काही नाही, असंच विचारलं.

असंच नाही विचारलं. हे बघा, मी म्हटलं ना तुम्हाला, ह्याचा आयपीसशी संबंध नाही — आहे. इरावती रांगेत तिसरी होती त्या दिवशी. स्टुलावर चढली, डोळा लावला, आणि म्हणाली, आई, माझ्या पापण्या दिसतायत. मागे रांग. दत्तारामकाका अजून रडत होते. मी म्हटलं, नीट बघ. ती म्हणाली, नीटच बघतेय, पापण्या आहेत. मी म्हटलं, इरा, पापण्यांच्या पलीकडे बघ, सगळ्यांना दिसतंय. 'सगळ्यांना दिसतंय' — हे मी म्हटलं, मी, जी रोज तिला सांगते की सगळे करतात म्हणून आपण करायचं नाही. तिसऱ्यांदा मी जरा आवाज चढवला. जरासाच. मग ती एकदम म्हणाली, हो आई, दिसलं, कडं पण दिसलं, खूप छान आहे. आणि माझ्याकडे बघून हसली. आणि जयंतीभाई, ते हसणं मी ओळखते हो. सासूबाईंनी केलेली दुधीची भाजी मी पहिल्या घासाला 'वा' म्हणते ना, तेव्हा माझं तोंड असंच होतं. डिट्टो. लग्नानंतर मला शिकायला तीन वर्षं लागली ते तोंड करायला. हिला मी एका संध्याकाळी शिकवलं.

आणि हे बघा. पिशवीत ठेवलाय मी, घडी पडू नये म्हणून वहीत. शाळेत सांगितलं होतं, सुट्टीत काय पाहिलंत त्याचं चित्र काढा. तिच्या श्रुतिका मिसने 'छान' लिहून वर तारा चिकटवलाय. हे बघा ना. गोल आहे, काळा रंगवलेला, भोवती कडं आहे, पिवळं. आणि कड्याला चारी बाजूंनी काय आहे? किरण नाहीत ते. मिसला पण किरण वाटले. पापण्या आहेत. मोजल्या मी, सव्वीस. खाली नाव लिहिलंय — शनी आणि मी. माझ्याशी खोटं बोलली, कागदाशी नाही बोलली. दहा दिवस झाले, मी हे चित्र रोज उघडून बघते, आणि तिला काही विचारत नाही. काय विचारू? दिसलं नाही ना गं तुला, असं? म्हणजे ती परत 'दिसलं' म्हणणार, त्याच तोंडाने, आणि ह्या वेळी जास्त चांगलं म्हणणार, सराव झालाय ना.

म्हणून आले हो मी. नाहीतर दुर्बीण माळ्यावर टाकली असती, शेजारी व्यायामाची सायकल आहे, तिला सोबत झाली असती. मला वाटलं, चांगला आयपीस आणला, खरी कडी दिसली, की तिने जे म्हटलं ते खरं होऊन जाईल, मागच्या तारखेने. होत नाही ना तसं? सहाचा आयपीस एवढं करत नाही. आणि कडी तर मिटलीत.

काय? कुठे? इथे, खिडकीत? तुमची दुर्बीण आहे का ही? माझ्यासारखीच दिसते. लावून बघू म्हणता? बघते. पण ह्या वेळेला काय दिसणार, उन्हात — हां, लांबचं काहीतरी. हा सहाचा लावलात ना? बरं. कुठला डोळा? माझा डावा जास्त चांगला आहे, की उजवा… असू दे. डावा. हं. हं… हो. हो हो, दिसलं. छान दिसतंय. अगदी स्पष्ट. वा. हाच द्या, बांधा हा.

नाही.

थांबा, बांधू नका. मी खोटं बोलले आत्ता. काही दिसलं नाही मला. काळं आहे आणि त्यात काळ्या कसल्यातरी काड्या वरखाली होतायत, कोळ्याच्या पायांसारख्या. पापण्या आहेत, नाही? माझ्याच आहेत. सव्वीसपेक्षा कमी आहेत पण आहेत. अहो, तुम्ही माझ्यामागे रांग लावून नव्हतात, आवाज चढवला नव्हतात, नुसते उभे होतात चहाचा कप घेऊन, आणि मी 'वा' म्हटलं! का म्हटलं? तुम्हाला वाईट वाटेल म्हणून? तुम्ही माझे कोण? माफ करा, तसं नाही. पण बघा ना, चौतीस वर्षांची बाई मी, आणि ती सहाची.

उद्या मी काय करणार सांगते. उद्या सात वाजता नाही, साडेसहाला जाणार गच्चीवर, आम्ही दोघीच. सासूबाईंना वाटी सापडायच्या आत. आणि तिला म्हणणार, इरा, मला पण पापण्याच दिसल्या. घाटकोपरला, जयंतीभाईंच्या खिडकीत. आणि त्या दिवशीचा शनी क्रेनचा दिवा होता, ते पण सांगणार. मग ती बघेल. आणि काय दिसतंय ते ती सांगेल, पापण्या तर पापण्या, लाडू तर लाडू, आणि मी फक्त 'अच्छा' म्हणणार. एकदाच. मग सगळे आले की ती सांगेल त्यांना काय आहे ते. तिच्या साडेतीन फुटावरून ती ओरडली की हा क्रेनचा दिवा नाही, तो तिकडे आहे, तर दत्तारामकाकांना ऐकावंच लागेल. आणि चिडले तर चिडले, डोळा तर आता झाला ना त्यांचा? मोतीबिंदू काय परत घालता येत नाही.

काय म्हणताय? मागे? डोळा मागे घ्यायचा? चिकटवायचा नाही. दोन बोटं लांब. चष्मा घालून पेपर वाचल्यासारखं. अशी? बरं. आणि हे चाक — फिरवायचं, हळू. हळूच फिरवतेय. काही नाही अजून, पांढरं आहे, नुसतं पांढरं… ढग आल्यासारखं. खरं सांगतेय ह्या वेळी. हं, काहीतरी हललं. गेलं. परत आलं. काळं आहे काहीतरी, उलटं आहे, सगळं उलटं आहे ना ह्यात? डिश अँटेना आहे, उलटी, आणि तिला खालून लोंबकळतोय — कावळा! अहो, कावळाच मिळाला का तुम्हाला मला दाखवायला? शनीचं वाहन! सासूबाईंना नका हां सांगू, त्या तेल घेऊन इथे येतील. केवढा आहे तो. मानेवर राखाडी पिसं आहेत त्याची, एकेक वेगळं दिसतंय. चोचीत काय आहे… केस? झाडूची काडी? मला वाटलं होतं कावळा काळा असतो, नुसता काळा, हा तर निळा आहे हो, जांभळा, पेट्रोल सांडल्यासारखा. वळला. इकडे बघतोय. सरळ माझ्याकडेच बघतोय, आणि त्याची पापणी — ती वरून नाही मिटत जयंतीभाई, ती आडवी, बाजूने —

थांबा. आता कुणी बोलू नका हं.